एका बरणीला एकच हात

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू खरंच वाइन प्यायली होतीस?" आणि मागे तुमची आई हसत होती. म्हणजे कुणीतरी तुम्हाला अर्धी गोष्ट सांगितलेली दिसते. मी सगळी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत केली, पानं गळालेलं पुस्तक कधी कुणाला दिलं नाही. तेव्हा पूर्णच सांगते. आधी जागा, मग माणसं, मग भांडण.

जागा म्हणजे मीरा रोडचं आपलं शांती नगर. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. आम्ही दोघं नुकतेच रिटायर झालो होतो आणि मुंबईतली दोन खोल्यांची जागा सोडून इथे आलो होतो. "इतक्या लांब?" असं सगळ्यांनी विचारलं. पण इथे स्वयंपाकघराला खिडकी होती आणि बाहेर गॅलरी होती. सोसायटीत वरच्या मजल्यावर जैन कुटुंबं, शेजारी केरळचे लोक. जिन्यात सगळे हिंदी बोलायचे, दार लावलं की आपापली भाषा.

दुसरी जागा भाईंदर पश्चिमेला. स्टेशनबाहेरून उत्तनकडे जाणारी बस धरायची. मिठागरं मागे पडतात, मग राई गाव येतं. राईच्या पुढे एका फाट्यावर उतरून आत चालत गेलं की ते गाव. निम्मं गाव सकाळी शहरात नोकरीला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. उरलेले मासे आणि वाडी सांभाळायचे. पण घरांच्या मागे गेलात तर बांबूचे मांडव दिसायचे, आणि त्या मांडवांवर द्राक्षाचे वेल. आपल्या खाऱ्या, दमट हवेत द्राक्ष होत नाही असं सगळे सांगतात. तिथे होत होतं. बारीक, काळं, जाड सालीचं आणि असं आंबट की दात शिवशिवावेत. गावातली ख्रिस्ती घरं त्याची वाइन करायची, नाताळसाठी आणि घरच्या लग्नांसाठी.

आता माणसं. तुमचे आजोबा पंप विकणाऱ्या कंपनीत होते, हे तुम्हाला माहीत आहे. ते कायम फिरतीवर असायचे, हे कदाचित माहीत नसेल. आज सोलापूर, उद्या इंदूर. तुमच्या बाबांचा पहिला दात त्यांनी पाहिला नाही, शाळेचा पहिला दिवस पाहिला नाही. मला नवरा होता तो बराचसा पोस्टकार्डावर. त्याबद्दल मी तक्रार केली नाही, कारण मी मनाशी हिशेब मांडून ठेवला होता की रिटायर झाल्यावर त्यांच्या सगळ्या सकाळी माझ्या. गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या, मधे चहा, इंग्रजी पेपर, त्यातलं शब्दकोडं. आडवे शब्द त्यांचे, उभे माझे. हे मी त्यांना विचारून ठरवलं होतं आणि ते हो म्हणाले होते. मला दुसरं काही नको होतं.

एक पावसाळाभर ते चाललंही.

मग मावशी आली. ती त्या गावातून भाजीची टोपली घेऊन आमच्या गेटवर बसायची. माझ्याच वयाची, विधवा, नऊवारी लुगडं, गळ्यात बारीक क्रूस, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर कळावं आज तोंडली आहेत. आख्खी सोसायटी तिला मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. एके दिवशी तिच्या टोपलीच्या कोपऱ्यात काळ्या द्राक्षांचा एक अवेळी धरलेला घोस होता, पानांसकट. तुमच्या आजोबांनी न विचारता एक तोंडात टाकलं आणि लगेच थुंकलं.

"काय गं मावशी हे!"

"खायाची न्हाय ती दादूस," ती म्हणाली. "प्यायाची हायेत."

झालं. माणूस त्या एका वाक्यावर गेला. कशी पितात, कोण करतं, कधी करतात, आणि पानांवर ही पांढरी भुकटी कसली? ती म्हणाली, भुरी, वेलाचा रोग, नवरा होता तेव्हा तोच बघायचा, आता मुलगा आखातात. आजोबा म्हणाले, मी येऊन बघतो. सगळं आयुष्य शेतकऱ्यांना पंप विकण्यात गेलेलं, नाशिकच्या द्राक्षबागांमधून हिंडलेले. बघायला गेले ते दुपारी आले, कपड्यांना भुरीवर मारायच्या गंधकाचा वास. दोन दिवसांनी पुन्हा गेले. दिवाळीनंतर ते रोज जायला लागले.

माझ्या घरात साखरेचा डबा कुठे असतो हे ज्यांना कधी कळलं नाही, त्यांना मावशीच्या मांडवावरची एकेक काडी पाठ झाली. जेवताना मला सांगायचे, "ऑक्टोबरात छाटतात ना, तिला गोडी छाटणी म्हणतात. त्यानंतरच फळ धरतं." गोडी हा शब्द त्यांच्या तोंडून मी लग्नानंतर प्रथमच ऐकत होते, आणि तोही दुसऱ्या बाईच्या अंगणातल्या झाडाविषयी.

"दादूस म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"भाऊ. मोठा भाऊ."

"भावाला रोज सकाळी बोलावतात का तिच्यात?"

"अगं, ती बोलावत नाही. मीच जातो."

हे उत्तर ऐकून मला बरं वाटायला हवं होतं असं त्यांना वाटलं असावं. पुरुषांना काय बोलावं ते कळतं, पण कधी थांबावं ते कळत नाही.

शेवटी मी एकदा त्यांच्याबरोबर गेले. मावशी दारातच होती. "या या वयनी! तुमचा मानूस तुमाला सांगून येतो ना? मना वाटलं पलून येतो." मी हसले. खुर्ची दिली, चहा दिला, कपाला बशी होती. मग तिने भिंतीवरच्या खुंटीचा एक निळा टंपर, कानाचा पत्र्याचा पेला, काढला आणि त्यात आजोबांचा चहा ओतला. न विचारता. बिनसाखरेचा. बाकीची भांडी फळीवर पालथी होती, तो एकच खुंटीला टांगलेला. मी लायब्ररीतली बाई, कुठल्या वस्तूची जागा ठरलेली आहे हे मला लगेच दिसतं. त्या घरात त्यांची जागा ठरलेली होती.

ते मांडवाखाली उपड्या क्रेटवर बसले आणि मावशी काहीतरी म्हणाली त्यावर हसले. मोठ्याने, डोकं मागे टाकून. आमच्या गॅलरीत ते असे कधी हसले नव्हते. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण ते भुरीविषयी बोलत होते.

मार्चमध्ये द्राक्षं काढली. गावात सगळ्या घरांतून एकदमच काढतात, मोठ्या टोपात चेचतात, साखर घालतात आणि चिनी मातीच्या बरण्यांत भरतात. मग प्रत्येक बरणी रोज एकदा लाकडी दांड्याने ढवळायची, आतली खळबळ शांत होईपर्यंत. आणि इथे त्या गावाचा एक नियम आहे, ज्याने माझं घर बुडवलं. एका बरणीला एकच हात. ज्याने पहिल्या दिवशी ढवळलं, त्यानेच शेवटपर्यंत ढवळायचं. दुसऱ्याचा हात लागला तर वाइन बिघडते. मावशीने आपल्या बरण्या भरल्या, आणि एक बरणी तुमच्या आजोबांच्या हाती दिली.

आता जाणं हौसेचं राहिलं नाही, कर्तव्य झालं. लग्नाच्या वाढदिवसाला मी श्रीखंड केलं होतं, दुपारी दोघांनीच जेवायचं ठरलं होतं. "फक्त ढवळून येतो," असं म्हणून गेले. आले तेव्हा श्रीखंडाला पाणी सुटलं होतं.

"ती बरणी इथे आणा," मी म्हणाले.

"इथे? अगं, घरात?"

"ढवळायचीच आहे ना? मग इथे ढवळा. नाहीतर तुमचं अंथरूण तिथे न्या, निळा टंपर आहेच."

टंपरचा इथे काय संबंध, हे त्यांना कळलं नाही. पण बरणी आली. भाईंदरहून रिक्षाने, मांडीवर धरून, हॉस्पिटलमधून बाळ आणावं तशी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात माझ्या लोणच्यांच्या बरण्यांच्या रांगेत मी तिला जागा करून दिली. वर त्यांनी पातळ मलमलीचं फडकं टाकलं होतं, बस.

काही दिवस बरे गेले. सकाळी गॅलरीत चहा होता, शब्दकोडं होतं, आडवे शब्द होते. पण मधेच उठायचे, आत जायचे. एकदा मागोमाग जाऊन पाहिलं तर जमिनीवर बसून बरणीला कान लावलेला. "ऐक, ऐक, बुडबुडे!" तुमचे बाबा पोटात असताना हा माणूस नागपुरात पंप विकत होता. माझ्या पोटाला त्यांनी कधी कान लावला नव्हता, आणि आता एका बरणीला लावला होता.

मग त्यांना पुण्याला चुलतभावाच्या वर्षश्राद्धाला जावं लागलं. निघताना बरणीपाशी घुटमळले. "दोन दिवस ढवळलं नाही तर चालेल. तू हात लावू नकोस. नियम आहे." मी म्हटलं, मला तेवढाच उद्योग नाही.

ते गेले आणि चिलटं आली. आधी थोडी, मग ढगच. मलमलीवर बसायची, तिथून माझ्या लिंबाच्या लोणच्यावर, तिथून फळांवर. मी ढवळलं नाही. पण उघडी बरणी आणि तिच्यावर चिलटं, हे माझ्याच्याने बघवत नाही. आईने शिकवलं तसं मी केलं. आट्यांचं झाकण पुसून कोरडं केलं, घट्ट फिरवलं, वर स्वच्छ फडकं, सुतळीचे वेढे, गाठ. बरणी अशी ठेवायची असते. वारा गेला की लोणचं नासतं, हे मला चौथीत असल्यापासून माहीत आहे. त्यात राग नव्हता. असता तर लिहिलं असतं, इतकं लिहितेय तर.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटी झोपलेली असताना स्वयंपाकघरात बार झाला. मला वाटलं सिलिंडर. धावले तर बरणी उभी चिरलेली, भिंतीवर लाल शिंतोडे, आणि फरशीवरून एक जांभळा ओहोळ शांतपणे दाराकडे निघालेला. मी जुन्या साड्या टाकेपर्यंत तो दाराखालून जिन्यात पोचला होता, आणि त्याच्या पुढे त्याचा वास.

सेक्रेटरी बनियनवरच आले. वरच्या मजल्यावरचे, अतिशय सज्जन गुजराती गृहस्थ, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत.

"बेन, ये क्या है?"

"ग्रेप ज्यूस," मी माझ्या उत्तमोत्तम इंग्रजीत म्हणाले.

त्यांनी वास घेतला. "ज्यूस फटता नहीं है, बेन."

"हमारा फटा."

वरून त्यांच्या पत्नी नाकाला पदर लावून वाकून बघत होत्या. मी गुडघ्यावर बसून जिना पुसत होते आणि मनात म्हणत होते, एवढं सगळं त्या निळ्या टंपरमुळे.

आजोबा आले. तुकडे मी टाकले नव्हते, एका जुन्या घमेल्यात ठेवले होते. त्यांनी झाकण उचललं, सुतळी पाहिली, माझी गाठ पाहिली.

"अगं, ती श्वास घेत होती," एवढंच म्हणाले.

मी भांडायची तयारी करून बसले होते, ती वाया गेली. दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत बसले. तिसऱ्या दिवशीही. गावाला गेले नाहीत. मावशीला कुठल्या तोंडाने सांगायचं, असं त्यांना झालं असावं. चहा घेतला, आडवे शब्द भरले, माझे काही उभेसुद्धा भरून दिले. मला हवं होतं ते सगळं माझ्यासमोर वेताच्या खुर्चीत बसलेलं होतं. फक्त खुर्ची थोडी वळवलेली होती, भाईंदरच्या बाजूला. माझा नवरा माझ्या शेजारी बसलेला, आणि मला पश्चिम दिशेचा मत्सर वाटत होता. बाईचा वाटतो तेव्हा निदान तिला चार शब्द सुनावता येतात.

मावशी स्वतःच आली. गेटवरून हाका मारायच्या ऐवजी टोपली घेऊन थेट दारात.

"दादूस मेला काय जिता हाय? तोंड न्हाय दाखवत ते!"

आजोबा उठले आणि खाली मान घालून उभे राहिले. मीच घमेलं आणून दाखवलं आणि सांगितलं: झाकण लावलं, सुतळी बांधली, फुटली, जिन्यात गेली, सेक्रेटरी आले. "ज्यूस फटता नहीं है" इथे पोचेपर्यंत मावशी उंबऱ्यावर बसून डोळे पुसत होती. इतकी हसली की शेजारच्या केरळच्या बाई दार उघडून बघायला लागल्या.

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि एकदम कोर्टातल्यासारखं विचारलं, "फोडली कुनी?"

"मी."

"मग आता तुमी भरायची."

"म्हणजे?"

"ज्याच्या हातानं फुटली त्यानंच दुसरी भरायची. आमच्यात तसंच हाय. न्हायतर वेल रुसतो, पुढल्या सालाला फल देत न्हाय. मागल्या मांडवावर उशिराची द्राक्षं हायेत अजून."

"मी भरतो ना," आजोबा पुढे झाले. "तिला कुठे त्रास..."

"तुमी फोडली काय? मग गप बसा."

वेल रुसतो यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी बॉटनीची पुस्तकं हाताळलेली बाई. नाही म्हणणारच होते, पण तेवढ्यात माझं लक्ष तुमच्या आजोबांकडे गेलं. ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मावशीने त्यांच्या ताटातला घास उचलून माझ्या ताटात ठेवला होता. तो चेहरा मी लगेच ओळखला. त्या निळ्या टंपरपासून मी तोच चेहरा घेऊन वावरत होते.

"उद्या किती वाजता येऊ?" मी मावशीला विचारलं.

आणि मग मी रोज गेले. द्राक्षं मी चेचली, हात कोपरापर्यंत जांभळे झाले, नखांतला रंग कितीतरी दिवस गेला नाही. बरणी मावशीच्या ओसरीच्या आत, सावलीला. तिच्यावर मलमल, आणि झाकण मावशीने लपवूनच ठेवलं होतं. तुमचे आजोबा रोज माझ्याबरोबर यायचे. "तुला एकटीला बस सापडणार नाही," म्हणायचे. बस भाईंदर स्टेशनसमोरच उभी असते. ते खिडकीशी, मी शेजारी, मिठागरं येत आणि जात. जाताना आणि येताना. गॅलरीत बसलो असतो त्याहून जास्त वेळ आम्ही त्या बसमध्ये एकमेकांशेजारी बसलो.

गावात पोचलं की त्यांनी ओसरीच्या पायरीवर बसायचं, मी आत जायचं.

"फेस बसला का गं?"

"बघते."

"वास कसा येतोय?"

"वाइनसारखा."

"अगं, म्हणजे आंबूस की..."

"अहो, तिथेच थांबा. आत येऊ नका."

मावशीला ही करमणूकच झाली होती. "दादूस, वयनी तुमाला वास पन घेऊ देनार न्हाय," म्हणायची आणि मग त्यांच्याशेजारी पायरीवर बसून काहीबाही सांगायची. दोघं हसले की माझ्या हातातला दांडा थांबायचा. मी कान द्यायचे. तिला ते कळत असे. ती मुद्दाम आवाज हळू करायची, मला ऐकू येऊ नये इतका, आणि मी बाहेर डोकावले की म्हणायची, "काय झालं वयनी, गाल बसला का?" गाळ तळाला बसायला खूप अवकाश होता, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. मला ती आवडायला लागली होती असं मी म्हणणार नाही. तिचा चहा आवडायला लागला होता. माझ्या कपाला मात्र शेवटपर्यंत बशी होती, आणि बशी पाहुण्यांना देतात.

नाताळच्या आधी बरण्या उघडल्या. मावशीच्या घरी तिची जाऊ, दोन पुतणे, शेजारीपाजारी असे सगळे जमले होते. वाइन गाळून बाटल्यांत भरली होती. ज्याचा हात, त्याने आधी चाखायची, हाही नियमच. मावशीने माझ्या बरणीतली थोडी एका काचेच्या पेल्यात ओतली आणि माझ्यापुढे धरली.

मी आयुष्यात दारूच्या थेंबाला हात लावला नव्हता. पेला तोंडाला लावला. आधी आंबट, मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते तशी झाली, मग छातीत उतरताना एक ऊब. तुमचे आजोबा माझ्या अगदी खांद्याशी उभे होते. त्यांचा हात आधीच पुढे आला होता.

"कशी झालीय?"

उत्तर द्यायला लागू नये म्हणून मी दुसरा घोट घेतला.

"अगं, कशी झालीय?"

मी पेला मावशीला दिला.

तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग एक घोट घेतला, जिभेवर फिरवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दादूसच्या हातापेक्षा चांगला हात हाय." पुतण्यांनी टाळ्या पिटल्या. आजोबांनी पुन्हा हात पुढे केला, तिच्याकडे. तिने पेला त्यांना दिला नाही. माझ्या हातात परत ठेवला.

"त्याला तुमीच द्या, वयनी."

तळाशी थोडीच राहिली होती. मी पेला धरून उभी राहिले. ओसरीवर इतकी माणसं होती, मागे मांडव होता, त्यावर छाटणीनंतर फुटलेली कोवळी पानं होती, ज्यांच्यासाठी हा माणूस वर्षभर माझ्याजवळून उठून जात होता. त्या क्षणी ते त्यांतलं काहीच बघत नव्हते. पेल्याकडेही नाही. माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खात्री करून घेतली, आणि मग दिला.